पानगळीच्या रानात कुत्रा फिरवताना

इंग्लंडमध्ये ऑगस्ट उतरणीला लागला की रानातून फिरून आलेली काही कुत्री एक-दोन दिवसांत आजारी पडतात. उलट्या, जुलाब आणि अंगातले त्राण जाणे ही तीन लक्षणे ठरलेली. कधी जोडीला ताप, थरथर, पोटदुखी आणि अन्नाकडे पाठ. बहुतेक कुत्री सलाईनवर आठ-दहा दिवसांत पुन्हा हिंडू-फिरू लागतात, काही दगावतात. तिथले पशुवैद्य याला ‘सीझनल कॅनाइन इलनेस’, म्हणजे कुत्र्यांचा हंगामी आजार, म्हणतात. जंतूचे किंवा विषाचे नाव आजाराला मिळते ते कारण कळल्यावर. इथे कारण हाती लागलेले नाही, म्हणून नावात नुसता हंगाम आहे.

हा प्रकार नजरेत भरला तो २००९ च्या शरदात. नॉरफोकमधील सँड्रिंगहॅम इस्टेट आणि नॉटिंगहॅमशायरमधील शेरवुडचा परिसर इथून आजारी कुत्र्यांच्या बातम्या येऊ लागल्या. २०१० पासून ॲनिमल हेल्थ ट्रस्ट या धर्मादाय संशोधन संस्थेने शोध हाती घेतला. तिचे आवार न्यूमार्केटजवळच्या केंटफर्डला होते. पुढे पाहणीसाठी पाच जागा ठरल्या: शेरवुड, त्याला लागूनच म्हणावे असे क्लंबर पार्क, सँड्रिंगहॅम, थेटफर्डचे जंगल आणि सफोकमधील रेंडलशॅम. थेटफर्ड हे मुळातले रान नव्हे. पहिल्या महायुद्धात लाकडाची टंचाई जाणवल्यावर सरकारी वनखात्याने १९२२ पासून तिथल्या माळावर पाइन लावले. रेंडलशॅमचे नाव बहुतेकांना ठाऊक आहे ते १९८० च्या डिसेंबरात तिथे उडती तबकडी उतरल्याच्या वदंतेमुळे, कुत्र्यांमुळे नव्हे. पाचही जागांची जमीन वाळूसर आहे, ही गोष्ट नकाशा पाहिल्यावर खटकते. पण लगेच मातीवर ठपका ठेवणे घाईचे होईल. बातम्या जिथून आल्या तिथेच पाहणी झाली, आणि पाहणी जिथे झाली तिथूनच आणखी बातम्या आल्या.

आजाराची व्याख्याही अशीच सैल आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात रानात फिरल्यापासून ७२ तासांच्या आत कुत्र्याला उलट्या, जुलाब किंवा मोठी मरगळ आली, तर तो रुग्ण संशयित धरला जातो. रक्ताची किंवा विष्ठेची अशी एकही तपासणी नाही की जिच्यामुळे ‘हाच तो’ म्हणता यावे. पशुवैद्य इतर कारणे एकेक करून बाजूला काढतो आणि मागे उरते त्याला हे नाव देतो. कुत्रा तर वर्षभर या ना त्या कारणाने ओकत असतो. कुजलेला ससा, कुणी टाकलेले सँडविच, डबक्यातले पाणी, काहीही पुरते. त्यामुळे नोंदलेल्या रुग्णांत काही भलतेच आजार मिसळलेले असणार हे उघड आहे. आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवावे लागते. २०१० मध्ये नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे २० टक्के कुत्री मेली. २०१२ पर्यंत हे प्रमाण २ टक्क्यांच्या खाली आले. मालक सावध झाले, कुत्री लवकर दवाखान्यात पोचू लागली, हे त्याचे एक कारण. दुसरेही असू शकते. पहिल्या वर्षी गंभीर रुग्णच कळवले गेले असतील आणि गवगवा झाल्यावर साध्या उलटीचीही नोंद होऊ लागली असेल. भागाकारात खालचा आकडा वाढला की टक्केवारी आपोआप उतरते.

संशोधकांनी मालकांना प्रश्नावल्या दिल्या. त्यातली महत्त्वाची बाब अशी की रानात फिरूनही ठणठणीत राहिलेल्या कुत्र्यांच्या मालकांकडूनही त्या भरून घेतल्या. आजारी कुत्र्यांपैकी निम्म्यांनी ओढ्याचे पाणी प्यायले होते, एवढे कळून काही उपयोग नाही. धडधाकट कुत्र्यांपैकीही निम्म्यांनी ते प्यायले असेल तर पाणी निर्दोष सुटते. विषारी वनस्पती, भूछत्रे, निळे-हिरवे शेवाळ, माणसाने फवारलेली रसायने असे संशयित या चाळणीतून गेले. कुणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. पण आजारी कुत्र्यांच्या अंगावर एका क्षुद्र जीवाचा उल्लेख वारंवार येत राहिला आणि संशय त्याच्यावर स्थिरावला. तो म्हणजे हार्वेस्ट माइट, सुगीच्या दिवसांत दिसणारा माइट.

कोळी आणि गोचिडांच्या गोतावळ्यातला हा प्राणी. त्याचे प्रौढ रूप मातीत राहते, इतर किडे आणि त्यांची अंडी खाऊन जगते आणि कुत्र्यामाणसांच्या वाटेला जात नाही. उपद्रव करते ते पिल्लू. सहा पायांची ही अळी जेमतेम ०.२ मिलिमीटरची, रंगाने नारिंगी. जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, उबदार आणि कोरड्या दिवशी, या अळ्या गवताच्या पात्यांवर चढून झुंडीने बसतात आणि अंग घासून जाणाऱ्या प्राण्यावर उतरतात. अळी रक्त पीत नाही. कातडीत पाचकरस सोडते, पेशी विरघळवते आणि तो रस शोषते. या खटाटोपात कातडीतच एक बारीक नळी तयार होते. दोन-तीन दिवस पोटभर जेवून ती गळून पडते आणि नंतर कुत्र्याला खाज सुटते. म्हणजे खाज सुरू होते तेव्हा गुन्हेगार बहुधा पसार झालेला असतो.

त्यांना शोधायचे तर जागा ठाऊक हव्यात. पंजा हातात घेऊन बोटे फाकवली की फटीत लाल तिखटाची चिमूट सांडल्यासारखे दिसते. बोटाने पुसले तरी जात नाही. दुसरी हमखास जागा कानाच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूस. तिथे कुत्र्याच्या कानाला कातडीची दुमड असलेला एक छोटा खिसा असतो आणि त्यात दहा-वीस अळ्या गठ्ठ्याने चिकटून बसतात. पोटाची विरळ केसांची कातडी आणि काखाही पाहाव्यात. लांब केसांच्या स्पॅनियलच्या बाबतीत हे काम चांगल्या उजेडात आणि सबुरीनेच करावे लागते.

आता खरा प्रश्न. हा माइट कातडीला खाज आणतो हे सर्वांना मान्य, पण तो आतडी कशी बिघडवेल? एक तर्क असा की काही कुत्र्यांचे शरीर त्याच्या लाळेला ॲलर्जीसारखा तीव्र प्रतिसाद देत असावे. दुसरा असा की माइटच्या अंगात एखादा जंतू असावा. दुसऱ्या तर्काला एक मोठी अडचण आहे. डास किंवा गोचीड अनेकदा जेवतो, म्हणून एका प्राण्याचा जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. ही अळी आयुष्यात एकदाच प्राण्याला चिकटते. तिने जंतू आणायचा तर तो आईकडून अंड्यात आणि अंड्यातून अळीत आलेला असला पाहिजे. हे अशक्य नाही, आणि त्याचा पुरावा विदर्भातल्या वाचकाला चांगला माहीत आहे. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात ज्या स्क्रब टायफसची साथ पसरली, तो याच कुळातल्या चिगर माइटच्या अळीमुळे होतो, आणि त्याचा जंतू माइटच्या पिढ्यांतून अंड्यांवाटेच उतरत जातो. तिथेही अळीच चावते, तिथेही गवत-झुडपांतून वावर हेच निमित्त असते. मात्र इंग्लंडच्या माइटमध्ये असा कुत्र्यांना आजारी पाडणारा जंतू कुणी दाखवून दिलेला नाही. शिवाय हा माइट काही २००९ साली इंग्लंडात आलेला नाही, आणि तो ज्या शेकडो रानांत सापडतो त्या सगळ्यांतून हा आजार कळवला जात नाही. माइटवरचा संशय सबळ आहे. पुरावा परिस्थितिजन्य आहे.

अशाच लक्षणांच्या दोन साथींचा छडा त्या मानाने लवकर लागला. २०१९ च्या शरदात नॉर्वेत, ऑस्लोच्या परिसरात, रक्ती जुलाबांनी अनेक कुत्री मेली. रान, अन्न, उंदराचे विष, सगळ्यांवर बोटे दाखवली गेली आणि शेवटी प्रोव्हिडेन्सिया अल्कॅलिफेशियन्स या जिवाणूशी तो उद्रेक जोडला गेला. त्यानंतर काही महिन्यांतच, २०२० च्या सुरुवातीला, ब्रिटनभर कुत्र्यांना सपाटून उलट्या होऊ लागल्या. दवाखान्यांच्या संगणकीय नोंदी एकत्र करणाऱ्या लिव्हरपूल विद्यापीठातील गटाने त्यामागे कुत्र्यांच्या आतड्यांचा कोरोना विषाणू असल्याचे दाखवले. माणसांच्या कोविडशी त्याचा संबंध नव्हता. दोन्ही साथींत रुग्ण थोड्या काळात मोठ्या संख्येने आले. हंगामी आजार दरवर्षी थोडा-थोडा, विखरून येतो, आणि असा आजार पकडणे फार अवघड असते.

हंगामी आजाराची एवढी चर्चा झाल्यामुळे एक तोटा झाला. पानगळीच्या रानात कुत्र्याला खात्रीने मारू शकणाऱ्या, ओळखीच्या गोष्टी त्यामागे झाकल्या गेल्या. त्यांची कारणे माहीत आहेत आणि बहुतेकांवर उपाय चालतो, म्हणून त्यांना जास्त जागा द्यायला हवी.

ओकच्या झाडाखाली सप्टेंबर-ऑक्टोबरात फळांचा सडा पडतो. त्यात टॅनिन असते. एखादे फळ चघळून कुत्र्याला सहसा काही होत नाही, पण खादाड लॅब्रॅडॉरने ओंजळभर गिळले तर उलट्या, रक्ती जुलाब आणि क्वचित मूत्रपिंडाला इजा. हॉर्स चेस्टनटची तकतकीत तपकिरी फळे, ज्यांना तिथली मुले ‘कॉन्कर’ म्हणतात आणि दोरीत ओवून खेळतात, ती एस्क्युलिन या विषामुळे पोट बिघडवतात. त्याहून मोठा धोका साधा यांत्रिक आहे: गोटीएवढे कठीण फळ लहान कुत्र्याच्या आतड्यात अडकून बसते आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही.

भूछत्रांमध्ये बहुतेक निरुपद्रवी, थोडी त्रासदायक आणि मोजकी प्राणघातक असतात. ‘डेथ कॅप’ हे फिकट हिरवट छत्र बहुधा ओक आणि बीचच्या मुळाशी उगवते. त्याची चाल फसवी आहे. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग जोरदार उलट्या-जुलाब होतात, मग कुत्रा सावरल्यासारखा दिसतो. मालक सुटकेचा श्वास टाकतो, आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होते. वेळेचा हा हिशेब हंगामी आजाराच्या ७२ तासांत बेमालूम बसतो. म्हणून ‘दरवर्षीचा तोच आजार असेल’ म्हणून स्वस्थ बसणे या एका शक्यतेपोटी तरी परवडणारे नाही. कुत्र्याने छत्र खाल्ल्याची शंका आली तर उरलेला तुकडा कागदात गुंडाळून बरोबर न्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत तो कुजतो आणि ओळखू येत नाही.

पाण्याचेही तसेच. उन्हाळ्याच्या शेवटी तळ्यांवर साचणारा निळा-हिरवा तवंग खरे तर जिवाणूंचा असतो आणि त्याची काही विषे तासाभरातही जीव घेतात. १९८९ मध्ये रटलंड वॉटर या मोठ्या जलाशयाच्या काठी २० मेंढ्या आणि १५ कुत्री यामुळे मेली. तवंग वाऱ्याने ज्या काठाला लोटला जातो तिथेच कुत्रा पाण्यात शिरतो, आणि बाहेर येऊन अंग चाटतो. साचलेल्या पाण्यातला लेप्टोस्पायरोसिस मुंबई-कोकणच्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. कुत्र्यांसाठी त्याची लस आहे आणि ती दरवर्षी द्यावी लागते.

गोचिडांचा जोर तिथे वसंतात आणि पुन्हा शरदात असतो. त्यांच्यामुळे लाइम आजार होतो, पण पोट बिघडणे हे काही त्याचे लक्षण नव्हे, म्हणून इथे तो ओझरताच. २०१५-१६ च्या हिवाळ्यात मात्र एसेक्समधील हार्लो इथे कधीही परदेशी न गेलेल्या कुत्र्यांना बबेसियाची लागण झाली आणि ब्रिटिश पशुवैद्यांना धक्का बसला. महाराष्ट्रातल्या पशुवैद्यासाठी बबेसिया आणि एर्लिकिया म्हणजे पावसाळ्यानंतरचा रोजचा ‘गोचीड ताप’ आहे. पुण्यात टेकडीवरून फिरवून आणलेला कुत्रा जेवेनासा झाला की पहिली रक्ततपासणी त्याचीच होते. इंग्लंडला गेलेल्या मराठी घरांतून ही सवय बरोबर जाते. पण तिथला डॉक्टर गोचीड तापाचा विचार आधी करीलच असे नाही, त्यामुळे भारतातून आणलेल्या कुत्र्याचा पूर्वेतिहास मालकानेच सांगितलेला बरा.

नोव्हेंबरात हंगामी आजाराचे दिवस सरतात आणि दुसऱ्या, त्याहून भयंकर आजाराचे सुरू होतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना पायांवर जखमा होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. त्यावरून याला ‘अलाबामा रॉट’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तो २०१२ पासून दिसू लागला, आधी हॅम्पशायरच्या न्यू फॉरेस्ट भागात. याचेही कारण अज्ञात आहे, पण लक्षणे नेमकी आहेत: पंजावर, पायावर किंवा तोंडापाशी लालसर सूज किंवा व्रण, आणि सरासरी तीन-चार दिवसांनी मूत्रपिंडाचा बिघाड. तिथवर गोष्ट गेली की बहुतेक कुत्री वाचत नाहीत. रुग्ण नोव्हेंबर ते मे या ओल्या, चिखलाच्या महिन्यांत येतात. माइटला ऊन आणि कोरडे गवत लागते, म्हणजे दोन आजारांचे हवामान एकमेकांच्या अगदी उलट. तरी लोकांच्या बोलण्यात दोन्हींची सर्रास गल्लत होते आणि सप्टेंबरात चिखल टाळणारे मालक गवताकडे काणाडोळा करतात.

बचावाचे म्हणून जे सांगितले जाते त्याचा मोठा भाग माइट हाच दोषी आहे असे धरून चालतो. सुगीच्या दिवसांत कुत्र्याला पट्ट्यावर ठेवून रुळलेल्या वाटेच्या मधून न्यावे. दुपारच्या उन्हात उंच गवतातून जाण्यापेक्षा सकाळी, दंव असताना फिरावे. गारव्यात आणि ओलाव्यात अळ्या मंदावतात. पिण्याचे पाणी घरून न्यावे. परतल्यावर पंजे, पोट आणि कान पाहून धुवावेत. माइटचा तर्क उद्या खोटा ठरला तरी यातले काही वाया जात नाही. पट्ट्यावरच्या कुत्र्यापासून ओकची फळे, छत्रे आणि तळेही दूर राहतात. कोणता एकच उपाय करायचा असे कुणी विचारले तर पट्टा हेच उत्तर.

फवाऱ्याची गोष्ट इतकी सरळ नाही. पिसवा-गोचिडांसाठीचा फिप्रोनिलचा फवारा फिरायला नेण्यापूर्वी पंजांवर आणि पोटावर मारावा, असा सल्ला ॲनिमल हेल्थ ट्रस्टने दिला होता आणि आजही पशुवैद्य तो देतात. फवारा किती आणि किती दिवसांनी हे पशुवैद्यानेच ठरवायचे. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याला घातक आहे, आणि कुत्र्यांची परमेथ्रिनयुक्त औषधे मांजराच्या जिवावर उठतात. दुसरी बाजू नदीची. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात इंग्लंडच्या २० नद्यांतील पाणी तपासले, तेव्हा जवळपास प्रत्येक नमुन्यात फिप्रोनिल निघाले. शेतात त्याचा वापर बंद झालेला असताना ते येते कुठून, तर मुख्यतः पाळीव प्राण्यांच्या अंगावरून. पाण्यातल्या किड्यांना ते अतिशय अल्प प्रमाणातही मारते. म्हणून फवारलेल्या कुत्र्याला त्याच दिवसांत ओढ्यात पोहू देणे दोन्ही अंगांनी चूक: औषध धुऊन जाते आणि ओढा बिघडतो. ज्या रानातून कधी आजार कळवला गेला नाही आणि जिथे पंजात एकही नारिंगी ठिपका दिसत नाही, तिथे दर आठवड्याला फवारा मारण्यात शहाणपण नाही.

कुत्रा आजारी पडलाच तर पाण्याची तूट हा पहिला शत्रू. त्याची परीक्षा घरी करता येते. वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबावी; पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडली तर लगेच बसली पाहिजे. यांपैकी एकीला जरी वेळ लागला, उलटी-जुलाबात रक्त दिसले, किंवा पाणीही पोटात ठरेना, तर सकाळची वाट पाहू नये. पिल्लू किंवा म्हातारा कुत्रा असेल तर एवढीही कसोटी लावत बसू नये. पाणी द्यायचे ते घोटभर, थोड्या-थोड्या वेळाने. घरातली माणसांची वेदनाशामके देऊ नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला विषासारखे आहे. विष बाहेर काढण्यासाठी मिठाचे पाणी पाजण्याची जुनी युक्ती तर नवीच विषबाधा घडवते. दवाखान्यात सलाईन, उलटी थांबवणारे औषध, क्षारांची भरपाई, लागले तर वेदनाशामक, असे उपचार होतात. या आजारावरचे म्हणून खास औषध नाही, आणि पूर्वी सरसकट दिली जाणारी अँटिबायोटिके आता गरज पाहून दिली जातात.

संशोधनाची धुरा वाहणारा ॲनिमल हेल्थ ट्रस्ट पैशाअभावी जुलै २०२० मध्ये बंद पडला आणि मालकांच्या प्रश्नावल्या जिथे जमा व्हायच्या ते ठिकाणच गेले. आता नोंद राहते ती ज्या-त्या दवाखान्याच्या कागदात, आणि तीही मालक जेवढे सांगेल तेवढीच. कोणत्या रानात, कोणत्या वाटेने, कोणत्या तारखेला आणि किती वाजता फिरवले, ऊन होते की पाऊस, कुत्र्याने काय तोंडात घातले, पहिली उलटी किती तासांनी झाली, पंजात नारिंगी ठिपके होते का, फवारा शेवटचा कधी मारला, आणि बरोबर फिरलेला दुसरा कुत्रा ठीक आहे का, एवढ्या गोष्टी दवाखान्याच्या दारातून आत जाताना मालकाला सांगता आल्या पाहिजेत.